निरोप पोहोचवणारी मुलगी

हा प्रकरण अभ्यास एका १६ वर्षांच्या मुलीचा आणि तिच्या घराचा आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. मुलीची व दोन्ही पालकांची संमती घेतली आहे. या कुटुंबासोबत मी १४ महिने काम केले. त्या काळातील काही निर्णय योग्य ठरले आणि काही चुकले. चुकलेल्या निर्णयांबद्दल येथे अधिक लिहिले आहे, कारण पुढची वाट त्यांच्यातूनच सापडली.

पार्श्वभूमी

पहिल्या भेटीला आई, वडील आणि मुलगी असे तिघे आले. तक्रार आईने मांडली. मुलगी आधी अभ्यासात चांगली होती, पण गेल्या दोन परीक्षांत तिचे गुण बरेच घसरले होते. महिन्यातून चार-पाच दिवस शाळा बुडत होती. सकाळी उठवून ती उठत नसे, कारण विचारले तर अंगावर येई आणि मध्यरात्र उलटून गेली तरी हातातला मोबाइल सुटत नसे. वडिलांनी त्यात एवढीच भर घातली, "लहानपणी ही अशी नव्हती." खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या नव्हत्या, तरीही तिघे आत आल्यावर आपोआप असे बसले की मुलगी दोघांच्या मधोमध आली. आई बोलत असताना ती वडिलांकडे पाहत होती आणि वडील बोलत असताना आईकडे. मी ते पाहिले, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

घरात चौघे जण होते. आई ४३ वर्षांची. तिची नोकरी पाळ्यांची असल्याने आठवड्यातल्या तीन रात्री ती कामावर असे. वडील ४७ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी त्यांची नोकरी गेली होती आणि तेव्हापासून ते घरी बसून मिळेल ते काम करत होते. धाकटा भाऊ ९ वर्षांचा होता. त्याला शाळेतून आणणे, त्याचा अभ्यास घेणे आणि आईची रात्रपाळी असेल तेव्हा त्याला झोपवणे ही कामे हळूहळू मुलीकडे आली होती. ती तिच्यावर कोणी सोपवली, हे कोणालाच सांगता आले नाही.

नोकरी गेल्यानंतरच्या काही महिन्यांत घरात पैशांवरून कडाक्याची भांडणे झाली आणि नंतर ती बंद झाली. "आता आमच्यात भांडणं होत नाहीत," असे आईने सांगितले आणि ते खरेही होते, कारण दोघांनी एकमेकांशी बोलणेच सोडले होते. घरातल्या आर्थिक ताणाचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी १९३०च्या दशकातील महामंदीत वाढलेल्या अमेरिकी मुलांच्या आयुष्यावरून केला आणि पुढे रँड काँगर यांनी आयोवा राज्यातील ग्रामीण कुटुंबांवरून केला. दोघांच्याही मांडणीचा गाभा असा, की पैशाची चणचण मुलापर्यंत बहुतेक वेळा थेट पोहोचत नाही. ती आधी आई-वडिलांच्या मनःस्थितीला आणि त्यांच्या आपसांतल्या नात्याला ग्रासते आणि तेथून मुलाकडे येते. या घरात ती कोणत्या वाटेने आली, हे मला दुसऱ्या भेटीत कळले.

अडचण नेमकी काय होती

दुसऱ्या भेटीत मी मुलीला एकटीला भेटले. तिने सांगितलेले माझ्यापाशीच राहील, मात्र तिच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मला ते पालकांना सांगावे लागेल आणि तसे करण्यापूर्वी मी तिला कल्पना देईन, हे आधीच स्पष्ट केले. मग तिला कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावले. समस्या विचारल्यावर मुले पालकांच्याच शब्दांत उत्तर देतात, दिवस विचारला की स्वतःच्या शब्दांत बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तिने सांगितलेल्या त्या एका दिवसात ११ निरोप होते. त्यांतला एक तिच्याच शब्दांत असा: "आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'विचार तुझ्या बाबांना, विजेचं बिल भरायचंय की अंधारात बसायचंय.' मी बाबांकडे जाऊन म्हटलं, 'बाबा, बिलाची तारीख जवळ आलीय वाटतं.' बाबा म्हणाले, 'तिला सांग, माझ्याकडे पैशाचं झाड नाही.' मग मी आईला सांगितलं, बाबा बघतो म्हणाले." एवढे बोलून ती जरा थांबली. "जसंच्या तसं सांगितलं तर संपलंच ना सगळं. मी गाळून सांगते."

झोपेचा उलगडाही येथेच झाला. आई घरी असेल त्या रात्री आई-वडील वेगवेगळ्या खोल्यांत झोपत आणि दोन्ही दारे लागल्याचा आवाज येईपर्यंत मुलगी जागी राही. वडिलांचे दार बहुधा रात्री एक वाजल्यानंतर लागे. मोबाइल हातात असे तो जागे राहण्यासाठी. किशोरवयात शरीराचे झोपेचे घड्याळ तसेही पुढे सरकते. झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, मेलाटोनिन, उशिरा स्रवू लागते आणि या वयात लवकर झोप येत नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोपेची शिफारस केली जाते. तिला जेमतेम ५ तास मिळत होते. सकाळी न उठण्याला आळस म्हणावे असे त्यात काही नव्हते.

आपण नाहीसे व्हावे किंवा मरावे असे विचार मनात येतात का, हे मी तिला सरळ विचारले. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. न विचारण्यातच धोका जास्त असतो. ती म्हणाली, "मरावं असं नाही. पण दोन दिवस कोणाला दिसू नये असं वाटतं." तेवढ्यावर न थांबता मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे तपासणीसाठी पाठवले. आपण हे पालकांना का सांगत आहोत, हे तिला आधी समजावले आणि तिच्यासमोरच त्यांना सांगितले. डॉक्टरांनी तातडीचा धोका नसल्याचे नोंदवले, औषध सुरू केले नाही आणि महिन्याने पुन्हा बोलावले. रक्ताच्या तपासण्याही व्यवस्थित आल्या.

दोन माणसांमधला ताण वाढला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये घेतात आणि त्यामुळे ताण काही काळ सुसह्य होतो, ही मांडणी कुटुंबोपचाराचे एक आद्य प्रवर्तक मरे बोवेन यांनी केली. त्यांनी याला त्रिकोण म्हटले. मुलाने घरात पालकाची जागा घेणे या प्रकाराला इव्हान बोझोर्मेनी-नॉज यांनी १९७३मध्ये 'पॅरेंटिफिकेशन' असे नाव दिले. या दुसऱ्या कल्पनेत एक भेद महत्त्वाचा आहे आणि या प्रकरणात मी तो सुरुवातीला नीट पाळला नाही. मुलाने भावंडाला सांभाळणे, घरकाम करणे हा एक भार. आई-वडिलांच्या भावना, त्यांचे रुसवे आणि त्यांचे नाते सांभाळणे हा दुसरा. पहिला भार वयाला झेपणारा असेल, घरात त्याची कदर होत असेल आणि मुलाला तो अन्यायाचा वाटत नसेल, तर त्यातून मूल कर्तबगारही होते. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. ते काम कधी पूर्ण होत नाही आणि मूल ते करते आहे हेही बहुधा कोणाला दिसत नाही.

कोणते पर्याय समोर होते

आईला हवा होता तो पर्याय सर्वांत सोपा: रात्री मोबाइल काढून घ्यावा, तो अधूनमधून तपासावा आणि अभ्यासाचे वेळापत्रक लावून द्यावे. तपासण्याचे काम तिने आधीच सुरू केले होते आणि त्यातून तिला काहीही सापडले नव्हते. स्वीडनमधील किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातून हाकन स्टातिन आणि मार्गारेट कर यांनी २०००मध्ये दाखवून दिले, की पालकांना मुलांबद्दल जे माहीत असते ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेले असते, पालकांच्या पाळतीचा त्यात वाटा थोडा असतो. मी आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण ती आपणहून सांगतच नाही." त्यात तथ्य होते. आईला खरे सांगितले तर काय होईल या भीतीवरच मुलीचा सगळा दिवस चालत होता.

दुसरा पर्याय आत्याने सुचवला होता. परीक्षेपर्यंत मुलीने तिच्याकडे राहावे, असे तिचे म्हणणे होते. घर शांत होते, शाळाही तेथून फार लांब नव्हती. मला हा पर्याय बराच पटला होता आणि आजही तो टाकाऊ वाटत नाही. हिंसा किंवा व्यसन असलेल्या घरात मी तोच आधी निवडेन. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मग घरात बोलणार कोण?" ती आत्याकडे गेली असती, तरी फोनवरून निरोप सांगत राहिली असती.

फक्त मुलीचे समुपदेशन करावे, हा तिसरा पर्याय. अनेकदा हेच केले जाते, कारण पालक तेवढ्यालाच तयार असतात. मात्र त्यातून घरात हाच संदेश जातो की बिघाड मुलीत आहे. आई-वडिलांनी आधी स्वतंत्रपणे विवाह-समुपदेशन घ्यावे, हा चौथा. त्याला वडिलांनी साफ नकार दिला. पालकत्वाच्या शैलींची भाषाही मी थोडी वापरून पाहिली. डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात केलेले कठोर, सैल आणि माया राखून शिस्त लावणारे हे वर्गीकरण बहुतेक पालकांना पटकन समजते. आईने लगेच वडिलांना सैल ठरवले आणि वडिलांनी आईला कठोर. दोन पालकांमधली वाट जेथे तुटली आहे, तेथे प्रत्येकाला एकेक नाव देऊन हाती फारसे काही लागत नाही.

शेवटी असे ठरवले, की मुलीची झोप आणि मनःस्थिती यांकडे लक्ष ठेवत मुख्य काम निरोपांवर करायचे. पालकांनी समेट करावा, ही अट ठेवली नाही. एकमेकांशी थेट बोलावे, इतकेच उद्दिष्ट ठरले.

काय केले

सुरुवात चुकली. तिच्यावर भार फार आहे, तेव्हा तो कमी करू, असा सरळ हिशेब मी केला आणि दिसणारा भार आधी उचलला. भावाला आणणे, झोपवणे ही कामे तिसऱ्या आठवड्यापासून वडिलांकडे द्यायची, असे पालकांशी ठरवले. तिला फक्त कळवले. पुढच्या दहा दिवसांत तिने पाच दिवस शाळा बुडवली. भेटीत ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "आता मी घरात कशाला आहे?" भावाला गोष्ट वाचून दाखवणे हे तिच्या दिवसातले एकमेव असे काम होते ज्याचा शेवट चांगला होत असे, भाऊ झोपी जाई. मी नेमके तेच काढून घेतले होते आणि निरोप तिच्याकडेच राहिले होते.

दुसरी चूक त्याच सुमारास झाली. वडील एका सत्राला आले नाहीत. मुलगी निघाली तेव्हा मी तिला सहज म्हटले, "बाबांना सांग, पुढच्या वेळी नक्की या म्हणावं." ती दाराशी थांबली, मागे वळली आणि विचारले, "जसंच्या तसं सांगू का?" तिच्या स्वरात उपरोध नव्हता. मी दिलेला निरोप पोहोचवण्याजोगा आहे की गाळावा लागेल, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. त्या घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांप्रमाणे मीही तिलाच मध्ये घातले होते. तिला थांबवून मी तिच्यासमोर वडिलांना फोन लावला आणि स्वतः बोलले. पुढे कामाचा जो नियम केला तो याच प्रसंगातून आला: मोठ्या माणसाचा मोठ्या माणसासाठीचा निरोप मुलांच्या हाती जाणार नाही, माझाही नाही.

यानंतर चार सत्रे फक्त आई-वडिलांसोबत घेतली. त्यांच्या नात्याचा इतिहास मी त्यात आणू दिला नाही. पैसे, मुलांच्या वेळा आणि दवाखाना या तीन विषयांवर दोघांनी एका वहीत लिहायचे आणि २४ तासांत उत्तर द्यायचे, असे ठरले. वही फडताळावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायची होती. पहिल्या पानावरची आईची पहिली नोंद होती, "फी भरली का?" आणि त्याखाली वडिलांचे उत्तर, "हो." दोन शब्दांचे ते उत्तरही नव्हते, पण तेवढ्यासाठी मुलीला दोन खोल्यांत फिरावे लागले नव्हते.

मुलीसाठी एक वाक्य तयार केले: "हे तुम्ही दोघं बोला." ते तिने सत्रात दोघांसमोर म्हणून पाहिले. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नाही. मग मी आई-वडिलांना, एकेकाला, तिला मोठ्याने सांगायला लावले की तिने असे म्हटले तर आम्हाला राग येणार नाही. परवानगी दोघांकडूनही मिळणे आवश्यक होते. एकाचा निरोप नाकारला की मूल दुसऱ्याच्या बाजूचे ठरते, आणि तिने वर्षभर टाळले होते ते हेच.

भावाचे काम तिला परत दिले, पण या वेळी तिला विचारून. आठवड्यातल्या दोन रात्री गोष्ट वाचून दाखवण्याचे तिने स्वतः निवडले. बाकीचे वडिलांकडे राहिले. झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवली आणि मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा, मात्र चौघांचेही, असे ठरले. आईने मोबाइल तपासणे थांबवले. शाळेत वर्गशिक्षकांना, मुलीने मान्य केले तेवढेच, सांगितले.

सर्वांत अवघड निर्णय नवव्या आठवड्यात आला. मुलीने विचारले, आपण निरोप गाळत होतो हे आई-बाबांना सांगावे का. मी तिच्यावर सोपवले आणि तिने सांगितले. आईला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारले, "म्हणजे तो 'बघतो' म्हणाला होता, ते..." मुलगी म्हणाली, "नव्हते म्हणाले." नवऱ्याच्या त्या 'बघतो'वर आईने वर्षभर आशा ठेवली होती. तो शब्द मुलीचा होता.

परिणाम

हळूहळू मुलीच्या झोपेच्या नोंदी ५ तासांवरून ७ तासांच्या आसपास आल्या आणि गैरहजेरी महिन्याला एका दिवसावर आली. मनोविकारतज्ज्ञांनी तिसऱ्या भेटीनंतर पाठपुरावा थांबवला. गुण थोडे सुधारले. गणित मागे पडले ते पडलेच.

नवव्या आठवड्यानंतर मात्र घरात पुन्हा भांडणे सुरू झाली, आणि उघड. मधली गाळणी निघाल्यावर दोघांना एकमेकांचे म्हणणे पहिल्यांदाच जसेच्या तसे ऐकू येत होते. त्याच काळात धाकट्याचे शाळेच्या वेळी पोट दुखू लागले. एके दिवशी तो आईकडे येऊन म्हणाला, "बाबा विचारतात, शनिवारी तुला सुट्टी आहे का?" सुट्टीची चौकशी साधीच होती, पण आईने ती ओळखली आणि वडिलांना स्वतः फोन केला. बहिणीने सोडलेली जागा भावाने घ्यायला सुरुवात केली होती. नंतरची तीन सत्रे भावालाही सोबत घेऊन केली आणि त्याचे पोट दुखणे दोन महिन्यांत थांबले.

आठव्या महिन्यात वडील वेगळे राहायला गेले. मुले ठरलेल्या दिवशी त्यांच्याकडे जातात. याला अपयश म्हणावे का, असे पालकांनीच मला विचारले. पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज यांनी १९९४मध्ये मांडले, की आई-वडिलांच्या संघर्षात मुलाचे लक्ष एका प्रश्नावर असते: माझे घर टिकणार का, मी येथे सुरक्षित आहे का. विभक्त होण्याचे दुःख मुलांना होतेच. परंतु न मिटणाऱ्या आणि मुलांना मध्ये ओढणाऱ्या भांडणाची झळ अधिक काळ राहते, असे या क्षेत्रातले अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. वही अजून चालू आहे, आता मोबाइलवर.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिल्या भेटीतली बसण्याची रीत मी तेव्हाच बोलून दाखवेन आणि मुलीला मधून उठवून बाजूच्या खुर्चीवर बसवेन. भावाला पहिल्या महिन्यातच बोलावेन. तक्रार ज्याच्याबद्दल नाही ते मूल ठीक आहे असे मी गृहीत धरले, आणि तसे धरायला काही आधार नव्हता. कोणतेही काम काढून घेण्यापूर्वी ते मुलाला काय देते, हे विचारेन.

नवव्या आठवड्याबद्दल माझे एका सहकाऱ्याशी अजून मतभेद आहेत. तिचे म्हणणे असे, की खरे काय ते आई-वडिलांनी एकमेकांकडून ऐकायला हवे होते. ते मुलीच्या तोंडून वदवून मी तिला शेवटचा आणि सर्वांत जड निरोप पोहोचवायला लावला. माझे म्हणणे, की तिने ते स्वतः निवडले आणि त्यानंतरच ती मोकळी झाली. तरी एक मान्य करावे लागते: पालकांची तयारी मी आधी करून घेतली नव्हती. आदल्या आठवड्यात दोघांना बोलावून, काही कटू ऐकावे लागेल आणि त्याची जबाबदारी मुलीवर नाही, एवढे बजावले असते, तर त्या रात्री आई तिच्याशी अबोला धरून बसली नसती. तो अबोला चार दिवस टिकला.

शेवटच्या भेटीला मुलगी एकटी आली. तिने बाजूची खुर्ची घेतली. झोप कशी आहे, असे विचारल्यावर म्हणाली, "लागते लवकर. पण एक वाजता जाग येते अजून. थोडा वेळ ऐकते. काहीच आवाज नसतो. मग झोपते." दर दोन महिन्यांनी भेटायचे ठरले आहे.